तेहतीस इंची स्टेपनी कुठे ठेवायची?

गाडी तीन दरवाज्यांची, डिझेल, फोर-बाय-फोर. लोखंडी चॅसीवर बांधलेली, स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली आणि ते दार बाजूला उघडणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा दोष नाही. थार घ्या, गुरखा घ्या, जिम्नी घ्या, मागे स्टेपनी लटकवणाऱ्या कुठल्याही गाडीत गणित साधारण असंच येतं.

मालक नान्नजकडचे द्राक्ष बागायतदार, साठीच्या अलीकडे-पलीकडे. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाग नान्नजला आणि जिरायत रान वैरागच्या पुढे. तिथे तूर आणि रब्बीची ज्वारी. त्यामुळे गाडी सोलापूर–बार्शी रस्त्यावर कायमची आणि तिथून खाली रानात. माझं काम सोलापुरात विजापूर रोडला, व्हील अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं. चाकांचं काहीही निघालं की आण्णा आधी फोन करतात.

कंपनीचे टायर होते २५५/६५ आर १८. दिवाळीत त्यांच्या मुलाच्या हट्टाने १७ इंची अलॉय आणि २८५/७० आर १७ टायर आले. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते, आणि तिसरा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. हिशेब केला की जुन्या टायरचा व्यास ७८९ मिमी निघतो, नव्याचा ८३१. पोरं ज्याला तेहतीस इंची म्हणतात तो हाच. फरक ४२ मिमी, म्हणजे जेमतेम अडीच बोटं. काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ ने पळते, इतकाच परिणाम मुलाला माहीत होता आणि त्याचा त्याला आनंदच होता.

टायर बसवायला आले तेव्हा मी विचारलं, "आण्णा, चार घेताय का पाच?"

"चारच. स्टेपनी कंपनीची हाय की. एकदाबी खाली उतरली नाही अजून."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पाचवं चाक घेतलं असतं तर खर्च सरळ सव्वापट झाला असता, आणि बहुतेक लोक हेच करतात: चार मोठे टायर खाली, जुना लहान टायर मागे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते चालूनही जातं.

तुरीचं धसकट

जानेवारीत तूर निघाली. कोयत्याचा घाव तिरका बसतो आणि मागे जमिनीत जे धसकट राहतं त्याला धारदार टोक येतं. वाळलं की ते टायरला ऐकत नाही. ट्रॅक्टरवाले अशा रानात रोटर मारल्याशिवाय बिनकामाचे फिरत नाहीत. आण्णांच्या ड्रायव्हरने बांधाजवळ गाडी मागे घेतली आणि डाव्या मागच्या टायरची बाजू तीन बोटं फाटली.

इथे ट्यूबलेस टायरची नेहमीची मिजास संपते. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, खिळा गेला तर दोरी घालून पाच-दहा मिनिटांत काम होतं. बाजूची भिंत मात्र प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. तिथे दोरी टिकत नाही, आणि आतले धागे तुटलेले असल्यामुळे टिकली तरी त्या टायरवर भरवसा ठेवता येत नाही. चाक बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

जॅक कंपनीचाच होता. टायर मोठे झाल्याने गाडी उंच झाली होती, जॅकची उंची तेवढीच राहिली होती. त्यात काळं रान. वरून कडक दिसणारी माती जॅकचा पाय ठेवताच खचली. शेवटी पंपाच्या खोलीतली फळी आणून जॅकखाली घातली, तिच्यावर अजून एक दगड, आणि मग कुठे चाक सुटलं. जुनी लहान स्टेपनी डाव्या मागच्या बाजूला बसली. रानातून बाहेर पडायला ड्रायव्हरने लिव्हर ४एचला, म्हणजे चारही चाकांना जोर मिळेल अशी, टाकली आणि तशीच ठेवून डांबरी रस्त्याला लागला.

फोन आला तेव्हा ते वडाळ्याच्या अलीकडे होते. एबीएसचा दिवा लागलेला, स्टिअरिंग जड, गाडी ओढल्यासारखी चालतेय आणि लिव्हर २एचला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, परत येत नाही.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या टायरचा घेर साधारण २६१ सेंमी, लहान स्टेपनीचा २४८. म्हणजे एका किलोमीटरला मोठं चाक ३८३ वेळा फिरतं आणि लहान ४०३ वेळा. एकाच धुरीवरच्या दोन चाकांत किलोमीटरमागे वीस फेऱ्यांचा फरक. वैराग ते सोलापूर पन्नासेक किलोमीटर धरले तर हजारभर फेरे. हा फरक मागच्या डिफरन्शिअलला, म्हणजे धुरीवरच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याला, पचवावा लागतो. डिफरन्शिअल वळणावर काम करण्यासाठी असतं. सरळ रस्त्यावर तासभर सलग तेच काम करायला लावलं की आतलं तेल तापतं आणि लहान गिअर झिजतात. एबीएसच्या सेन्सरला एक चाक इतरांपेक्षा सतत जास्त फिरताना दिसतं, त्याला काहीतरी बिघडलंय असं वाटतं आणि तो दिवा लावतो.

४एचमध्ये दुखणं वाढतं. अशा लिव्हरच्या गाडीत ४एच टाकलं की पुढची आणि मागची शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकींना जखडली जातात. मागच्या धुरीची सरासरी पुढच्यापेक्षा किलोमीटरला दहा फेरे जास्त, आणि दोघींना तर सारखंच फिरायचंय. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. त्या पिळाखाली लिव्हर अडकते. आण्णांच्या ड्रायव्हरला फोनवर एवढंच सांगितलं की रस्ता मोकळा बघून गाडी सरळ मागे घे, हळू, आणि चालत्या गाडीत लिव्हर ओढ. थोडं मागे गेल्यावर खट्ट आवाज आला आणि लिव्हर सुटली.

मग दुसरी गोष्ट करायला सांगितली, ती त्याला पटेना: लहान स्टेपनी काढून पुढे बसव आणि पुढचा मोठा टायर मागे आण. २एचमध्ये जोर फक्त मागच्या धुरीवर जातो. मागची दोन चाकं सारखी असली की जोर वाहणाऱ्या डिफरन्शिअलवरचा ताण जातो. पुढच्या धुरीवर लहान-मोठं असलं तर गाडी किंचित एका बाजूला ओढते, ब्रेक जपून मारावा लागतो, पण घरी पोहोचता येतं. जॅक दोनदा लावावा लागतो, हे खरं. वडाळ्याला निदान पायाखाली डांबर होतं.

पाचवं चाक दारावर

आण्णांनी दुसऱ्याच आठवड्यात दोन टायर आणि एक अलॉय मागवलं. आता स्टेपनीही तेहतीस इंची. कंपनीच्याच ब्रॅकेटवर, मागच्या दाराला. चाक जास्त रुंद असल्याने बोल्ट पुरेनात, म्हणून लांब स्टड आणि मध्ये पॅकिंग घातलं. खालची कड बंपरला टेकत होती, म्हणून ब्रॅकेटची भोकं वर सरकवली. वर सरकवल्यावर मागची काच निम्मी झाकली गेली. मागे कॅमेरा होता, त्याला आता फक्त रबर दिसू लागलं.

वजन केलं. अलॉयसकट जुनी स्टेपनी तीस किलोच्या आसपास, नवी बेचाळीस. बारा किलो ऐकून आण्णा हसले; द्राक्षाचं एक क्रेट याहून जड असतं म्हणाले. पण क्रेट कोणी दाराच्या बिजागरीला लटकवत नाही.

बाजूला उघडणाऱ्या दारात चाकाचा मध्य बिजागरीपासून साधारण ६० सेंमी दूर असतो. दोन बिजागऱ्यांमधलं उभं अंतर धरा ३५ सेंमी. दार उघडं असताना वरच्या बिजागरीवर येणारी ओढ म्हणजे वजन गुणिले ६०, भागिले ३५. जुन्या चाकाला ५१ किलो, नव्याला ७२, आणि दाराचं स्वतःचं वजन वेगळं. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. दार बंद असलं तर लॉक थोडा भार वाटून घेतं, पण लॉक दार पकडून ठेवण्यासाठी आहे, चाक उचलून धरण्यासाठी नाही. शिवाय पॅकिंगमुळे चाक दारापासून आणखी बाहेर गेलेलं. ते प्रत्येक धक्क्याला दाराचा पत्रा आपल्याकडे ओढतं आणि सोडतं.

उन्हाळ्यात खडखड सुरू झाली. आधी रबरी टेकण बदललं. पावसाळा लागता लागता दार लावताना हाताने वर उचलावं लागायला लागलं. गणपतीच्या सुमारास गाडी आली तेव्हा मी स्टेपनी उतरवली आणि ब्रॅकेटच्या बोल्टांभोवतीचा भाग रॉकेलच्या फडक्याने पुसला. वरच्या उजव्या बोल्टापासून रंगावर केसाएवढी रेघ निघालेली होती. नखाने चाचपली तर नख अडकत होतं. म्हणजे भेग रंगापुरती नव्हती, पत्र्यात उतरली होती. खालच्या बाजूला गंजाचा पिवळा ओघळ. अजून एक पावसाळा काढला असता तर बार्शी रस्त्यावर ते चाक मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर गेलं असतं, असं मी आण्णांना तोंडावर सांगितलं. ते पहिल्यांदा गप्प बसले.

मग कुठे?

दार बाद झाल्यावर आम्ही बसून एकेक जागा बघितली. स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली असते, पण तिथेही मोठा टायर सायलेन्सरला नाहीतर बंपरला अडतो. आण्णांच्या गाडीत तर ती जागाच नाही.

गाडीच्या आत? मागची सीट काढली तर चाक उभं राहतं. पण नातवंडं तिथेच बसतात. आणि मला त्याहून मोठी भीती अपघाताची होती. ५० च्या वेगात गाडी समोर धडकली आणि पुढचा भाग सत्तरेक सेंमी चेपून थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या चौदापट जोर येतो. बेचाळीस किलोचं चाक त्या क्षणी जवळपास सहाशे किलोच्या जोराने ड्रायव्हरच्या पाठीकडे झेपावतं. कापडी पट्टा आणि सीटची हुकं याला पुरत नाहीत. आत ठेवायचंच तर चॅसीपर्यंत बोल्ट जायला हवेत.

टपावर? छप्पर फायबरचं, वजन पेलण्यासाठी केलेलं नाही. लोखंडी कॅरियर टाकला तरी बेचाळीस किलो गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला जातं, उताराच्या बांधावर गाडी कलली की ते आधी जाणवतं. आणि चिखलात उभं राहून ते चाक खाली कोण उतरवणार? आण्णा आणि ड्रायव्हर, दोघांचं मिळून वय शंभराच्या पुढे.

मुलाने सुचवलं की स्टेपनी नकोच, दोरीचं किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवू. ऑक्टोबर २०२० पासून नियमही तशी मुभा देतो: टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीचं किट कंपनीने दिलेलं असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालतं. हायवेवरच्या गाडीला हे ठीक आहे. ज्याचा टायर धसकटाने बाजूला फाटलाय त्याने हे बोलावं, याचं मला नवल वाटलं.

राहिला चॅसीला जोडलेला, बाजूला फिरणारा कॅरियर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीने तो केला, आणि काम चोख केलं हे मान्य करायला हवं. चौकोनी पाइप, चॅसीच्या टोकाला बोल्टने घट्ट, दाराला कुठेही स्पर्श नाही. फिरण्याच्या जागी त्याने आधी नुसता पाइपात पाइप घातला होता; महिन्याभरात तो हलायला लागला. मग ट्रॉलीच्या चाकाचा हब बेअरिंगसकट उभा करून त्यावर हात बसवला. हे डोकं कुठल्या पुस्तकातून येत नाही. त्यानंतर बेचाळीस किलोचं चाक एका बोटाने फिरत होतं.

तरीही तो कॅरियर मला पटला नाही, आणि कारणं कामाच्या दर्जाची नव्हती. कॅरियर आणि चाक मिळून ऐंशी किलोच्या घरात गेलं, आणि ते मागच्या धुरीपासून ९० सेंमी मागे. २४५ सेंमीच्या व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या धुरीतलं अंतर) याचा अर्थ पुढच्या धुरीवरचं तीसेक किलो वजन उचललं जातं आणि मागच्यावर एकशेदहा येतं. ब्रेक आणि स्टिअरिंग पुढच्या चाकांच्या पकडीवर चालतात. नंबर प्लेट आणि तिसरा ब्रेक लाइट झाकला गेला, दोन्ही हलवावे लागले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आणि त्याच्या आधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढच्या लोखंडी गार्डांवर याच कलमाखाली कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. मागे धडकणाऱ्याच्या छातीपर्यंत येणारं लोखंड याहून वेगळं आहे, असं नाक्यावर उभं राहून पटवून द्यायची माझी तरी तयारी नव्हती. विम्याच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता, हा आणखी एक प्रश्न.

निकाल मात्र काकूंनी, म्हणजे आण्णांच्या मंडळींनी, लावला. गाडीत मागून भाजीची पिशवी ठेवायची तर आधी कॅरियरची कडी, मग कॅरियर, मग दार. "अहो, पिशवी ठेवायला दोन दारं उघडायची का? मी बसनं जाते," म्हणाल्या.

उलटं गणित

तेव्हा मी आण्णांसमोर प्रश्न उलटा मांडला. दाराचं ब्रॅकेट किती वजनाचं आणि किती व्यासाचं चाक निमूट पेलतं, ते आधी ठरवू. तेवढ्याच मापाचे पाच टायर घेऊ. टायर आधी आणि स्टेपनीची जागा नंतर, या क्रमानेच हे सगळं झालं होतं.

त्या १७ इंची अलॉयवरच, डिस्क न बदलता, २६५/७० आर १७ बसतो. व्यास ८०३ मिमी. कंपनीच्या टायरपेक्षा १४ मिमी जास्त, म्हणजे स्टेपनीची कड मूळ जागेवरून फक्त ७ मिमी खाली येते. बंपरला लागत नाही. काट्यावर ८० असताना प्रत्यक्ष वेग ८१ च्या थोडा वर. अलॉयसकट चाक छत्तीस किलोच्या आत-बाहेर. वरच्या बिजागरीवरची ओढ ७२ वरून ६२ किलोवर. कंपनीच्या ५१ पेक्षा अजूनही जास्तच आहे, म्हणून दाराच्या आतून, चार बोल्टांना एकत्र पकडणारी पट्टी बसवली, भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडून ती पुढे सरकणार नाही असं केलं आणि मग वेल्ड केलं. बिजागरीच्या पिना नव्या टाकल्या. लांब स्टड आणि पॅकिंग काढून टाकलं.

मुलगा नाराज झाला. गाडी आता पहिल्यासारखी रुबाबदार दिसत नाही, हे त्याचं म्हणणं मी खोडणार नाही. पण रानातल्या कामाचं म्हणाल तर त्याचं काही अडलेलं नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर तेहतीस काय नि पस्तीस काय, ट्रेडच्या खाचा पहिल्या दहा फुटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. वाफसा यायची, म्हणजे रान बेताचं सुकायची, वाट बघणं हाच तिथला उपाय. आणि कोरड्या, भुसभुशीत रानात टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर जमिनीवर जेवढा पसरतो तेवढा फायदा त्या ४२ मिमीने कधीच दिला नव्हता. फक्त डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची, म्हणून तो छोटा कॉम्प्रेसर मुलाने आणला ते बरं झालं.

पाचही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे घेतले. स्टेपनी आता नुसती लटकत नाही. दर अलाइनमेंटला एक चाक मागच्या दारावर जातं आणि दारावरचं खाली येतं. नाहीतर खालचे चार झिजतात, पाचवा कोरा राहतो, आणि दोन वर्षांनी व्यासात सेंटिमीटरभर फरक पडून ४एचची तीच कटकट लहान प्रमाणात सुरू होते. शिवाय मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो. दारावर कायम एकाच बाजूने ऊन खाणारा टायर न फिरताही म्हातारा होतो. बाजूवरच्या चार आकड्यांत त्याचं वय लिहिलेलं असतं, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आण्णांनी आता ते वाचायची सवय लावून घेतलीय, दुकानदारासमोर चष्मा लावून वाचतात.

जुने तेहतीस इंची टायर पुण्याच्या एकाने नेले. बेअरिंगचा तो हब मिस्त्रीने परत मागून घेतला. गाडीत आता जाड फळी आणि जास्त उंचीचा बॉटल जॅक असतो, ड्रायव्हरच्या सीटमागे, पट्ट्याने बांधलेला. ब्रॅकेटचे बोल्ट ऑइल बदलताना पान्याने तपासायचे ठरलंय. मागच्या खेपेला एक पाव फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत.